क्लचवरचा ठोकळा

मूळ स्वरूपात टिकलेली वस्तू हाच माणसाचा खरा वारसा. बाकी सगळी नक्कल.

हे वाक्य माझं नाही. जालन्यातल्या एका जिनिंग फॅक्टरीच्या मैदानात दोन बांबूंच्या मध्ये ताणलेल्या कापडी बॅनरवर ते लिहिलं होतं. त्या बॅनरखाली उभ्या असलेल्या एका जुन्या मॉरिस मायनर मोटारीच्या मडगार्डवरून मी बोट फिरवलं, तर बोट लाल झालं. वास घेऊन पाहिला. गेरू होता.

अपघातातल्या गाड्यांना लोक काय काय फासतात ते मी जन्मभर पाहत आलो होतो. गेरू मात्र पहिल्यांदाच पाहिला.

मी इन्शुरन्स सर्व्हेअर. गाडी ठोकली की मालक कंपनीकडे नुकसानभरपाई मागतो आणि कंपनी मला पाठवते. जखम खरंच कालची आहे की दोन वर्षांपूर्वीची, एवढं पाहायचं. लोकांना वाटतं आम्ही गाडी तपासतो. खरं तर आम्ही मालकाची गोष्ट तपासतो. गाडी फक्त साक्षीदार असते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. गावातल्या एका स्टील कारखान्याच्या मालकांना जुन्या मोटारींचा शौक लागला. त्यांनी क्लब काढला आणि स्वतः चेअरमन झाले. मोटारींचं प्रदर्शन ठरलं तेव्हा ते माझ्याकडे आले.

"सर्व्हेअर साहेब, जिंदगीभर गाड्यांतली खोट काढली. आता एक दिवस कौतुक करा."

माझ्याकडे दिलेला वर्ग होता 'ओरिजिनल अनरिस्टोर्ड'. म्हणजे कारखान्यातून निघाली तशीच राहिलेली गाडी. रंग उडालेला चालेल, गंज चालेल, सीट फाटलेलं चालेल. पण नवा रंग, नवं कव्हर, बाहेरचा पार्ट चालणार नाही. म्हातारा माणूस चालेल, केस काळे केलेला चालणार नाही.

मी लगेच हो म्हणालो. डॉक्टरकडे निरोगी माणूस येत नाही, तशी माझ्याकडे न ठोकलेली गाडी कधी आली नाही. चेपलेल्या बॉनेटकडे पाहून मूळचं बॉनेट कसं असेल याचा अंदाज करण्यात माझी वर्षं गेली. एक तरी गाडी अशी पाहावी, जिला कारखान्यानंतर कुणाचा पाना लागलेला नाही, अशी फार दिवसांची इच्छा होती. ही इच्छा मी घरी कधी बोलून दाखवली नव्हती. दाखवण्यासारखी नव्हतीच.

रविवारी सकाळी मैदानात पोचलो आणि इच्छा विरघळली. माझ्या वर्गातल्या गाड्या उन्हात चमकत होत्या. नव्या लग्नातल्या भांड्यांसारख्या. जाफराबादहून एक जीप आली होती. तिचा रंग अजून हाताला चिकटत होता.

"साहेब, पंधरा दिवस गॅरेजला व्हती," मालक कौतुकानं म्हणाला.

"अहो, पण हा वर्ग जुन्या रंगाच्या गाड्यांचा आहे."

"ते बराबर हाये. पण पोळ्याला बैल न्यायचा तर शिंगं रंगवल्याबिगर नेतं का कुणी? लोक काय म्हनतील?"

चार माणसांत जायचं तर नटूनथटून जायचं, हा आमच्याकडचा रिवाज क्लबच्या नियमांपेक्षा बराच जुना आहे.

मी कामाला लागलो. माझं मुख्य हत्यार म्हणजे रुमालात गुंडाळलेलं लोहचुंबक. पत्र्याला ते चिकटतं. चेपलेला भाग पुट्टीनं भरून वर रंग दिला असेल, तर घसरतं. चेअरमनसाहेबांच्या लांबलचक अमेरिकन गाडीच्या दारावरून ते सरळ खाली पडलं.

"तुमचा मॅग्नेट खराब झाला का?" गाडीशेजारी खुर्ची टाकून बसलेले चेअरमन म्हणाले.

मी ते उचलून त्यांच्या खुर्चीच्या पायाला लावलं. घट्ट चिकटलं.

"खुर्ची ओरिजिनल आहे," मी म्हणालो.

त्यानंतर मी मायनरकडे गेलो. परतूरकडच्या आष्टीहून आलेली, फिकट राखाडी, माझ्या वर्गातली शेवटची गाडी. काचेभोवतीचं रबर वाळून तडकलं होतं, पण त्यावर रंगाचा एकही शिंतोडा नव्हता. गाडी पुन्हा रंगवली की शिंतोडे रबरावर उडतातच, कितीही कागद चिकटवा. बॉनेट उघडून बिजागऱ्यांचे बोल्ट पाहिले. त्यांच्या डोक्यांवर कारखान्याचा रंग अखंड होता. पाना लागला असता तर कोपऱ्यांवरचा रंग उडाला असता. मी टॉर्च बंद करून तसाच उभा राहिलो. जिची वाट पाहत होतो ती गाडी ही होती.

फक्त मडगार्डवर गेरू होता.

तिशीतला एक उंच माणूस ओलं फडकं घेऊन धावत आला. "काका! काय करून ठेवलं हे!" म्हणत त्यानं मडगार्ड पुसायला सुरुवात केली. हा सुभाष, गाडीचा मालक. मागे त्याचे काका उभे होते, दिगंबरराव. सहा फुटी, धोतर, पांढरा पटका, खांद्याला कापडी पिशवी. त्यांनी मला नजरेनंच बाजूला बोलावलं आणि बैलगाडीच्या एका मोडक्या चाकाआड नेलं.

"सायेब, तुमाला खोट काढायची सवय हाये म्हनं."

"धंदाच आहे."

"मंग या गाडीची काढा. कायतरी काढा."

सकाळपासून प्रत्येक मालक माझ्याकडून उलटं मागत होता. मी कारण विचारलं.

"पुतण्या गाडी विकून राह्यला. गाडी भावाची. भाऊ गेला, मंग पोराच्या नावावर झाली. ते पुण्याचे पाव्हणे बसलेत न्हाई का स्टेजवर, त्यांला द्यायची. पन त्यांची अट हाये. पयला नंबर आला तर घेनार, न्हाई आला तर न्हाई. त्यांच्या शेडात सगळ्या पयल्या नंबराच्याच गाड्या हायेत म्हनं."

"म्हणून गेरू?"

"पोळ्याचा उरलेला व्हता. म्हनलं, रंग लागला की नापास व्हईल."

"गेरू पाण्यानं जातो, दिगंबरराव."

"हां," ते म्हणाले. "ते नंतर ध्यानात आलं."

"तुम्ही गाडी चालवता?"

"मला कुठं येती?"

"मग काय करता तिचं?"

"बसतो," ते म्हणाले. "रोज जरा बसतो."

मी त्यांना खरं ते सांगितलं. नसलेली खोट मला लिहिता येणार नाही. धंद्यात कधी लिहिली नाही, आता फुकटच्या कामात काय लिहू? त्यांनी मान हलवली. "बराबर हाये," म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

आत बसून तपासणं राहिलं होतं. मी दार उघडून चालकाच्या जागी बसायला गेलो आणि बसताच येईना. सीट पार पुढे, स्टेअरिंगला टेकलेलं. खाली पाहिलं. रुळावर गंज चढून ते तिथंच धरलं होतं.

"मागं सरकत न्हाई साहेब," सुभाष म्हणाला. "आष्टीपासून गुडघे दाराला लावून आलो."

आमच्या धंद्यात सीटला फार महत्त्व. अपघातानंतर मालक म्हणतो, गाडी मीच चालवत होतो. सीट सांगतं, छे, तुमच्यापेक्षा वीतभर बुटका माणूस बसला होता. इथे तर काका आणि पुतण्या दोघेही ताडमाड. हे सीट पाच फुटांच्याही आतल्या कुणाचं होतं, आणि तो माणूस गेल्यापासून ते कुणी हलवलं नव्हतं.

मी वाकून पायाखाली टॉर्च मारला. ब्रेकचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. शेजारचं क्लचचं रबर मात्र कोरं करकरीत, आणि त्यात दोन भोकं. ब्रेकइतकाच पाय क्लचवर पडतो. त्याचं रबर झिजलं नाही, याचा अर्थ त्यावर वर्षानुवर्षं दुसरं काहीतरी बसवलेलं होतं.

"इथं काय होतं?"

"काई न्हाई साहेब. लाकडाचा तुकडा व्हता. काल काढला. ओरिजिनल पायजे म्हनले ना."

"कुठं टाकला?"

दिगंबररावांनी खांद्यावरची पिशवी काढली आणि आतून बाभळीचा एक ठोकळा काढून माझ्या हातावर ठेवला. काळा, तुळतुळीत. एका बाजूला पावलानं पाडलेला खळगा. दोन नटबोल्ट सुतळीनं बांधलेले.

"सुताराकडून मीच करून आनला व्हता," ते म्हणाले. "तिचा पाय पुरत न्हवता."

क्लच पार तळापर्यंत दाबावा लागतो, नाहीतर गिअर कुरकुरतो. ब्रेकचं तेवढं नसतं. म्हणून ठोकळा एकच, आणि अगदी योग्य जागी.

"काकू चालवायच्या?"

"भावानं शिकवलं. मला शिकवायला लागला, मी बांधावर घातली. ती शिकली." ते गाडीकडे पाहत होते. "विहिरीपासून सडकेपर्यंत. सडकेवर न्हाई जायचं, बाईमानूस म्हनून. सडक आली की वळवायची. मी बाजूला बसायचो. एक डाव म्हनली, परतूरपर्यंत जाऊन येऊ. म्हनलं, जाऊ की. जाऊ जाऊ करत ऱ्हायलं."

तेवढ्यात चेअरमनसाहेब आले. "झालं का? हीच ना पहिली? पाहुण्यांना निघायचंय."

मी त्यांना भोकं दाखवली.

"दोनच? मार्क कापा, आगे बढो."

"तेच करतोय."

"सायेब," दिगंबरराव मागून म्हणाले, "आन हा ठोकळा गाडीला लावला तर?"

मी खिशातून नियमांचा कागद काढून मोठ्यानं वाचला: परीक्षणाच्या वेळी बाहेरची वस्तू जोडलेली आढळल्यास गाडी या वर्गातून बाद.

"हा नियम कुणी लिहिला?" चेअरमन म्हणाले.

"तुम्ही. खाली सही आहे."

"परीक्षण तर संपलं ना?"

"चष्म्यावर धूळ बसली आहे," मी म्हणालो. "पुसून झाला की संपेल."

मी चष्मा काढला. आधी एक काच, मग दुसरी.

दिगंबरराव पांढऱ्या धोतरानिशी मातीत गुडघे टेकून दारातून आत वाकले. पटका स्टेअरिंगला अडकला, तो काढून त्यांनी सीटवर ठेवला. ठोकळा क्लचवर धरला, तर बोल्ट हातातून निसटून खाली पडला. तो शोधून परत धरला. सुभाष शेजारीच उभा होता, फडकं हातात घेऊन. त्यानं एकदा स्टेजकडे पाहिलं. पाहुणे मनगटावरचं घड्याळ चेअरमनच्या रिकाम्या खुर्चीला दाखवत होते.

मी पुन्हा पहिली काच पुसायला घेतली.

"काका," सुभाष म्हणाला.

"काय?"

"उलटा धरला तुमी. काकू खळगा वर ठेवायची."

"तुला काय ठावं?"

"मी मागं बसायचो न्हाई का? सरका. तुमाला दिसत न्हाई तिथं."

त्यानं फडकं टाकलं, डिक्कीतून पाना आणला आणि स्वतः खाली वाकला. दोन्ही नट आवळून झाले तेव्हा त्यानं ठोकळा हातानं तळापर्यंत दाबून पाहिला. मग मी चष्मा लावला आणि लिहिलं: क्लचला बाहेरची वस्तू जोडलेली. बाद.

इतकी मूळ गाडी मी त्यानंतर पाहिली नाही. आधीही पाहिली नव्हती.

बाकीच्या सगळ्या नव्या रंगापायी आधीच बाद झाल्या होत्या, आता वर्गात एकही गाडी उरली नाही. पहिला नंबर कुणालाच नाही, असं मी चेअरमनना सांगितलं. ते म्हणाले, "असं कसं? शील्ड आणलीय. पाहुण्यांच्या हातून द्यायलाच लागते." शेवटी सगळ्यांत जास्त वय असलेल्या व्यक्तीला 'विशेष सन्मान' द्यायचं ठरलं. गाडीच्या नव्हे, माणसाच्या वयाचा. दिगंबरराव मळक्या धोतरानं स्टेजवर गेले. पाहुणे मूळ वारशावर बरंच बोलले आणि गाडी न घेता पुण्याला गेले. पुढच्या वर्षी परीक्षक दुसरा होता आणि नियमांखाली कुणाचीच सही नव्हती. अनुभवानं माणूस शिकतो तो असा.

त्या प्रदर्शनानंतर काही महिन्यांनी एका ट्रॅक्टरच्या क्लेमसाठी आष्टीला गेलो होतो. वाट वाकडी करून दिगंबररावांकडे डोकावलो. ते गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये, मायनरमध्ये बसले होते. डावीकडे. त्यांनी मला उजवीकडे बसायला सांगितलं. मी बसू शकलो नाही, ते हसले.

"सुभाष म्हनतो बॅटरी टाकू," ते म्हणाले. "परतूरला जाऊन येऊ म्हनतो. पन चालवनार गुडघे दाराला लावूनच. सीटला हात न्हाई लावू दिला मी."

शील्ड समोर काचेखाली ठेवली होती. पत्र्याच्या उष्णतेनं तिच्यावरच्या पितळी पट्टीचा गोंद सुटून एक कोपरा वर आला होता. सवयीनं मी नख घातलं. पट्टी अलगद निघून आली. खाली दुसरी पट्टी होती, रिव्हेट मारलेली, पक्की, मूळची.

तिच्यावर लिहिलं होतं: तालुका कबड्डी स्पर्धा, उपविजेता संघ.