नो ड्यूजची मेल

या कॉलेजच्या ग्रंथालयात मी पुस्तकांच्या पाठीवर नंबरांच्या चिठ्ठ्या चिकटवायला लागले आणि भांडत भांडत ग्रंथपाल झाले. कोणी हात दिला नाही. त्यामुळे घासाघीस अंगात मुरलेली. विक्रेत्याचा फोन आला की आधी नाही म्हणायचं, मग बोलायचं.

ई-जर्नलवाल्यांकडून बोलतोय म्हणणाऱ्या माणसाशीही तेच केलं. वर्गणी संपतेय, एक महिना फुकट वाढवून देतो, म्हणाला. मी तीन मागितले. ‘मॅडम, माझी नोकरी जाईल!’ साहेबांना विचारतो म्हणून त्याने मला फोनवर थांबवलं, परत आला, दोनवर अडला. मी आवाज चढवला तेव्हा कुठे तीन कबूल केले. एवढा चिवट माणूस खोटा असेल असं मनातही आलं नाही. मग मोबाइलवर आलेला ओटीपी त्याने विचारला. जिंकल्याच्या भरात मी सांगून टाकला. मेसेज धड वाचलाही नाही.

तो ओटीपी ग्रंथालयाच्या मेलचा पासवर्ड बदलायचा होता. दुपारी शेवटच्या वर्षाच्या मुलांना आमच्या पत्त्यावरून मेल गेली: नो ड्यूज हवं असेल तर फॉर्म भरा. पुस्तकं परत केल्याच्या या दाखल्याशिवाय मार्कशीट हातात पडत नाही. फॉर्ममध्ये बँकेच्या कार्डाची माहिती मागितली होती. पारशिवनीच्या एका मुलीने ती भरली. होस्टेलसाठी ठेवलेले तिचे सगळे पैसे गेले.

ती काउंटरपाशी येऊन म्हणाली, ‘खाली तुमचं नाव होतं मॅडम. काहून नाही भरू?’

मी प्राचार्यांकडे गेले.

प्राचार्य म्हणाले, ‘मेल आपल्या खात्यावरून गेलीच नाही, असं लिहून द्या.’ म्हणजे चूक पोरीची. सायबर सुरक्षेच्या प्रशिक्षणासाठी मी दोनदा नाव दिलं होतं. दोन्ही वेळा संगणक विभागाचे सर गेले. ‘लायब्ररीतून काय चोरीला जाणार?’ असं तेव्हा हेच प्राचार्य हसून म्हणाले होते. ते त्यांच्या तोंडावर मारायला हवं होतं. मी नुसती खिडकीवरची धूळ बघत बसले.

चिठ्ठ्या चिकटवायच्या काळापासूनची सोबतीण बाहेर थांबली होती. ‘ओटीपीचं नाव काढू नको वं. तुह्यावरच येईन सगळं.’

‘येऊ दे.’

‘आन् आज भांडली नाहीस? ताप आला का तुले?’

मुलीला घेऊन मी सायबर पोलिसांकडे गेले. मेल आमच्याच खात्यावरून गेली, असं सांगितलं. अधिकारी टाइप करत होते.

‘ओटीपी कोणी दिला?’

‘मी.’

मुलीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

‘धमकी दिली होती का त्याने?’

‘नाही. मी भाव करत होते.’

त्यांची बोटं थांबली. ‘हे कसं लिहू, मॅडम?’

‘तसंच लिहा.’