चतुर्थीसाठी राखलेली रजा

कणकवलीच्या एसटी स्टँडवर आईबाबांनी मला मुंबईच्या गाडीत बसवलं तेव्हा डिसेंबर संपत आला होता. घाटकोपरला राहणाऱ्या माझ्या भावाला, म्हणजे दादाला, मी एक तारखेच्या आत हवी होते. वर्ष मधूनच सुरू केलेलं त्याला खपत नसे. बाबा गाडी सुटेपर्यंत कंडक्टरला माझ्या टायपिंगच्या परीक्षेबद्दल सांगत होते आणि तो बिचारा तिकिटं फाडता फाडता मान डोलवत होता. आई रडली नाही. खिडकीशी उभी राहून तिनं मला दोन गोष्टी सांगितल्या. पैसे जपून खर्च कर, आणि भूक लागली की पैशाकडे बघू नको. या दोन सूचना एकाच पगारात बसत नाहीत हे राजापूर येईपर्यंत माझ्या ध्यानात आलं होतं.

हे तुमच्यापैकी जे गावी राहिले त्यांच्यासाठी लिहिते आहे, आणि माझ्यासारखे जे निघून आले त्यांच्यासाठीही. गावी राहिलेल्यांना वाटतं की मुंबईकर वर्षभर पैसे साठवतात. पैसे थोडेफार साठतात, नाही असं नाही. पण आम्ही खरं साठवतो ती रजा.

दादा माझ्याहून बराच मोठा. तो गिरणीत होता. संपात गिरणी गेली, मग परळची खोली गेली, आणि तो वहिनीला घेऊन घाटकोपरच्या डोंगरावरच्या एका चाळीत आला. मुलुंडच्या एका औषधांच्या कंपनीत त्याला पॅकिंगमध्ये काम मिळालं. गिरणीत असताना तो कुठल्याशा कमिटीवर होता. गिरणी गेली तरी भाषण करायची सवय राहिली होती, आणि त्या सवयीला आता श्रोते म्हणून आम्ही दोघीच उरलो होतो.

मी डोंगर चढून खोलीशी पोचले तेव्हा वहिनी दारात विळीवर नारळ खवत होती. "इलंस गो?" असं म्हणून तिनं मला आपादमस्तक न्याहाळलं आणि अर्धा नारळ पुढे केला. "टायपिंग शिकलंस मां? बोटां चलतत तुझी. मगे हो नारळ खव." आमच्या मैत्रीला एवढा समारंभ पुरला.

एक जानेवारीला संध्याकाळी सभा भरली. दादानं इस्त्रीचा शर्ट घातला आणि तो ट्रंकेवर बसला. आम्ही खाली चटईवर, त्यातही वहिनी तांदूळ निवडत. आधी सरत्या वर्षाचा आढावा झाला. मग पावडरच्या दुधाच्या रिकाम्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवून त्यानं येणाऱ्या पगाराचे वाटे जाहीर केले. भाडं, रेशन, गाव, आजारपण. मग वेळेची पाळी आली. नळाला पाणी पहाटे यायचं, दादाची शिफ्ट सकाळची, मला मरोळच्या ऑफिसात जायला बस पकडायची. सगळं एका कागदावर मांडून त्यानं तो दाराशेजारी डकवला. त्या कागदावर वहिनीचं नाव पाण्यापुढे आणि रॉकेलपुढे होतं. स्वयंपाक, भांडी, धुणं यांचा कुठे उल्लेख नव्हता. ती कामं आपोआप होत असावीत. मी हे बोलून दाखवलं तेव्हा वहिनी म्हणाली, "गप ऱ्हव. लिवलां तर येळेत करूचा लागात."

सभेतला शेवटचा आणि महत्त्वाचा विषय रजेचा असे. दादाच्या खात्यातली निम्मी माणसं रत्नागिरी-सिंधुदुर्गातली. भाद्रपदात सगळ्यांनाच गावी जायचं असतं आणि मशिनं तर बंद ठेवता येत नाहीत. म्हणून सुपरवायझर ठरावीक माणसांनाच सोडायचा. वर्षातल्या कामाच्या पहिल्या दिवशी जो आधी अर्ज देईल त्याची रजा मंजूर. गेट उघडायच्या आधी, अंधारातच, माणसं अर्ज खिशात घालून टाइम ऑफिसच्या खिडकीशी रांग लावायची. तापानं फणफणलेले लोकसुद्धा त्या दिवशी आजारपणाची रजा घेत नसत. वर्षात पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नसतं, पण चतुर्थी येणार हे नक्की असतं. या एका हिशेबावर आम्ही सगळे चालत आलो आहोत.

मी आल्यानंतरच्या दुसऱ्या जानेवारीत दादा रांगेत पहिला होता. वर्षाची सगळी रजा त्यानं एकगठ्ठा चतुर्थीला मागितली आणि मिळवली. कारण त्या वर्षी गणपती आमच्या घरचा होता. तुम्हांला ठाऊक आहे, आमच्या भावकीत गणपती एकच, मूळ घरी बसतो, आणि दर वर्षी एका घराकडे त्याचा खर्च आणि मान असतो. मूर्ती, तिच्या डोक्यावर फळाफुलांनी सजवायची माटवी, आरत्यांना येणाऱ्या भजनी मंडळांची उसळ आणि चहा, सगळं त्या घरानं करायचं. नैवेद्य त्या घरच्या सुनेनं रांधायचा. मागच्या खेपेला वहिनी नवी नवरी होती. सगळं आईनं केलं, हिनं पानं वाढली. नंतरच्या वर्षांत तिला मूल झालं नाही आणि गावातल्या बायकांना बोलायला विषय झाला. आता आईचे गुडघे गेले होते. या वेळी चुलीपुढे वहिनीच बसणार होती. डब्यांवरची 'आजारपण' ही चिठ्ठी दादानं त्या सभेत काढून टाकली आणि तो डबा 'गाव'च्या डब्यात ओतला. आमच्यापैकी कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

मे महिन्यात नळावर कळशी उचलताना वहिनीनं मला सांगितलं की उजव्या काखेखाली, छातीला गाठ लागते आहे. कुळथाच्या पिठाचा भाव सांगावा तसं सांगितलं. मी तिला म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यात नेलं, तिथून इस्पितळात. डॉक्टर म्हणाले, दाखल करा, गाठ काढून तपासावी लागेल, लांबवू नका. त्यांनी पुढच्या महिन्यातली तारीख दिली.

दादानं ऐकून घेतलं, उठला आणि भिंतीवरचं कॅलेंडर सरळ केलं. ते सरळच होतं. दुसऱ्या दिवशी तो सुपरवायझरकडे गेला. सुपरवायझर वाईट माणूस नव्हता. त्यानं सांगितलं, आत्ता रजा घे, पण मग ती चतुर्थीतून कापली जाईल आणि तुझ्या जागेवर दुसरा माणूस वाट बघतोय. बिनपगारी रजा मागितली तर तू अजून कायम नाहीस, एवढंही त्यानं आडून सांगितलं. दादा घरी आला तो रजा बदलण्याचा कोरा अर्ज घेऊन. मी म्हटलं, भर. गणपती पुढच्या घराकडे जाऊ दे, पैसे आहेत ते इस्पितळात लावू, मी माझ्या ऑफिसातून उचल घेते. दादानं पेन काढलं.

वहिनीनं त्याच्या हातातला कागद घेतला आणि त्याच कागदानं स्टोव्हची पिन पुसून ठेवली.

"चवथ होवंदे," ती म्हणाली. "गाठ खय पळान जातली?"

मी भांडले. गावातल्या दोन म्हाताऱ्यांच्या तोंडासाठी जीव धोक्यात घालायचा का, असं विचारलं. मी तेव्हा बरीच पुस्तकं वाचत असे आणि मला उत्तरं येत असत. ती म्हणाली, "तुका नाय कळाचा. तू वाचतंस." मग ती म्हणाली की गाठ दुखत नाही, आणि जे दुखत नाही ते मोठं कसं असेल. हा युक्तिवाद दादाला पटला, कारण त्याला तो पटवून घ्यायचा होता. तो दिवसभर गोळ्यांच्या पट्ट्या खोक्यांत भरत असे. औषधांबद्दल त्याला सगळं माहीत होतं, फक्त ती कशासाठी असतात ते सोडून.

चतुर्थीला आम्ही गावी गेलो. मला रजा थोडीच मिळाली होती, पण मी पाहिलं ते पुरेसं होतं. वहिनी पहाटेपासून चुलीपुढे होती. विहिरीवरून कळशी ती डाव्या कमरेवर आणायची. पूर्वी उजव्यावर आणायची. कुणी ते लक्षात घेतलं नाही, मीही त्याचा अर्थ नंतर लावला आणि दादाला सांगितला. भजनी मंडळं एकामागून एक येत होती, तिची उसळ संपत नव्हती. आमची थोरली काकी, जी वर्षानुवर्षं हिच्या रिकाम्या ओटीबद्दल बोलत आली होती, तिनं मोदकाच्या कळ्या निरखल्या, तो चावला, आणि सगळ्या बायकांच्या देखत म्हणाली, "मुंबयची असान पण कळयो बऱ्यो काढलंस गो." वहिनीनं पदर सारखा केला आणि मान खाली घातली. मी तिला इतकं सुखात कधी पाहिलं नव्हतं. आजही मला त्या सुखाचा राग येतो, आणि ते तिच्याकडून काढून घ्यावं असंही वाटत नाही.

परत आल्यावर ती स्वतःच म्हणाली, आता चला. इस्पितळात या वेळी दुसरा डॉक्टर होता, तरुण. तो रागावला नाही. जुना कागद त्यानं उलटसुलट करून पाहिला, पहिली तारीख वाचली आणि नव्या कागदावर लिहायला लागला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. ऑपरेशन झालं. मग मोठ्या इस्पितळात पाठवलं. डबे एकेक करून रिकामे झाले. दादाची रजा कधीच संपली होती. तो शिफ्ट करून तिथे जायचा, मी ऑफिसातून अर्ध्या दिवसानं सुटून जायची. वेळापत्रक अजून दाराशेजारी होतं. पाण्यापुढे कुणाचं नाव आहे हे आता कुणी बघत नव्हतं.

जानेवारी आला. एका रविवारी आमच्या गावाच्या मुंबई मंडळाचं स्नेहसंमेलन मुलुंडच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होतं. त्यात यंदाचा गणपती उत्तम केल्याबद्दल दादाचा सत्कार ठेवलेला. तो जाणार नव्हता, वहिनीनंच पाठवला. कार्यक्रम बराच उशिरा सुरू झाला. अध्यक्ष नियोजनावर बोलले. घरगुती खर्चाचं आणि वेळेचं नियोजन कसं असावं हे या आपल्या बंधूकडून शिकावं, असं म्हणाले. टाळ्या झाल्या. शाल आणि श्रीफळ काखेत मारून दादा तिथून थेट वॉर्डात आला. मी आधीच तिथे होते.

वहिनी तोवर खूप वाळली होती. शाल बघून तिनं विचारलं, "लोकरीची आसा काय? मगे माका घाल. हय पंखो बंदच करणत नाय." दादानं ती तिच्या अंगावर पसरली. मग खाटेच्या कडेला बसून, भाषणाचा आवाज सोडून, त्यानं विचारलं, "दुखत होतां तर बोलाक नाय होयां?"

तिनं शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली.

"सांगलां असतां तर तुमी रजा बदलली असती," ती म्हणाली. "म्हणान नाय सांगलंय."

शिमग्याच्या आधी ती गेली. बायको गेली की कंपनी पगारी रजा देते. ही रजा वेगळी असते, वर्षाच्या रजेतून कापत नाहीत, आणि तिच्यासाठी आधी अर्ज करून रांगेत उभं राहावं लागत नाही. दादाला हा नियम ठाऊक नव्हता. सुपरवायझरनं निरोप पाठवून कळवला.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. दादा आता कायम आहे. माझा पगार वाढला आहे, डोंगराखाली पक्क्या इमारतीत जागा बघू या असं मी म्हणते आणि तो ऐकून घेतो. जानेवारीची सभा पुन्हा भरली नाही. वर्षातल्या कामाच्या पहिल्या दिवशी खात्यातली माणसं अंधारात रांग लावतात तेव्हा दादा घरी चहा पीत बसलेला असतो. चतुर्थीला चाळ रिकामी होते, सगळी कुलपं दिसतात, आणि आम्ही दोघं राहतो. गावी जातो ते मिरगाच्या पावसात, जेव्हा कुणी मुंबईकर येत नाही. आईला ते आवडतं की नाही, ती बोलत नाही. भावकीतल्यांना आवडत नाही, हे ती पत्रात आवर्जून कळवते. दर पत्रात शेवटी असतं, घरी कधी येतास. त्याचं उत्तर काय लिहायचं, हे मला अलीकडे समजेनासं झालं आहे. कुठलं घर तिला अभिप्रेत आहे ते कळतं. पण लिहायला बसले की आपण आत्ता कुठे बसलो आहोत असा प्रश्न पडतो.

ही खोलीही आता घर झाली आहे, कारण दादा आता रजा राखत नाही. मला साधी सर्दी झाली तरी तो घरी राहतो. गेल्या आठवड्यात मला थोडा ताप होता. सकाळी उठून पाहते तर हा शिफ्टला गेलेलाच नाही. पेज करून ठेवली होती, इतकी घट्ट की चमचा उभा राहावा. मी म्हटलं, जा तू, उगाच पगार कापतील. तो ऐकेना. खाटेशेजारी स्टूल घेऊन बसला, करायला काही नसलेल्या माणसासारखा, आणि थोड्या थोड्या वेळानं तेच विचारत राहिला, "सुमे, दुखता काय गो खय? खरां सांग."

डोकं जरा ठणकत होतं. पूर्वी मी ते सांगितलं नसतं.

"हो रे," मी म्हटलं. "दुखतंय."