चहा होईपर्यंत पेट्रोल नाही

शांताताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी किराण्याची यादी करत होते. त्याच कागदाच्या मागे कळवायची नावं लिहायला घेतली आणि पहिलंच नाव लिहिलं... शांताताई. घरातलं काहीही आधी त्यांनाच सांगायची सवय!

त्या माझ्या थोरल्या जाऊबाई. मखमलाबादला त्यांची गुलाबाची वाडी. नव्वदच्या दशकात बांधावरचं गवत विळ्यानेच कापायचे. पुढे भाऊजींनी, म्हणजे ताईंच्या यजमानांनी, पेट्रोलवरचं मशीन आणलं. मी लगेच नऊ नियम लिहून शेडच्या भिंतीवर चिकटवले. इंजिन गार झाल्याशिवाय पेट्रोल ओतू नये, गरम मशीन वाळल्या गवतावर ठेवू नये, वगैरे. ताईंनी सगळे वाचले. "लय भारी. पण घाईत कोण वाचतंय?" म्हणाल्या, आणि आपला स्टीलचा कप सुतळीने पेट्रोलच्या कॅनच्या झाकणाला बांधून टाकला. मशीन मोकळ्या मातीवर ठेवायचं, कप सोडायचा, चहा करून निवांत प्यायचा, मगच झाकण उघडायचं. भाऊजी मला चिडवायचे, "तुझे नऊ नियम, हिचा एक कप!"

एका एप्रिलमध्ये लग्नाच्या फुलांची मोठी ऑर्डर होती. शेड गुलाबांनी भरलेली, शेजारी घोटीहून आणलेल्या भाताच्या पेंढ्याची गंजी. गरम सायलेन्सरने पेटू नये म्हणून वाटेवरचं वाळलं गवत कापल्याशिवाय टेम्पो आत घ्यायचा नाही, हा ताईंचा हट्ट. निम्म्यात मशीन बंद पडलं. पेट्रोल संपलं होतं.

"टेम्पो फाटकाशी उभा हाय. आज तुझा चहा ऱ्हाऊ दे," भाऊजी म्हणाले.

"टेम्पो थांबंल. आग नाय थांबायची. बसा."

भाऊजी बसले. कुरकुरत, बशीत फुंकर मारत चहा प्यायले. मग ओतताना नरसाळं कलंडलं आणि पेट्रोल थेट इंजिनवर सांडलं... सायलेन्सरवरून ओघळत खाली. गंजी दहा पावलांवर होती.

काही झालं नाही. इंजिन गार होतं!

ताईंनी फडकं पुढे केलं. "पुसा. सुकू द्या. मग लांब नेऊन चालू करा."

भाऊजींनी इंजिन पुसलं आणि म्हणाले, "उद्यापासून साखर जरा जास्त टाक." ताई डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. गवत कापून झालं, टेम्पो आत आला, गुलाब लग्नाला पोचले.

परवा वाडीवर गेले होते. माझ्या नियमांची शाई पार उडाली आहे. मशीन बंद झालं तसं भाऊजींनी ते मोकळ्या मातीवर ठेवलं, झाकणाचा कप सोडला, विसळला आणि कोणी न सांगता चुलीकडे गेले. मी हातातली कळवायच्या नावांची यादी मिटली आणि त्यांच्या शेजारी जाऊन बसले.