हिरवा पडदा, हिरवा चुडा

यशवंतपुरात मराठी घरी लग्न निघालं की आधी भटजी आणि मग विठोजी अण्णा, असा त्या काळी रिवाजच होता. खांद्यावर व्हिडिओ कॅमेरा असला तरी देव्हारा दिसला की अण्णा आधी हात जोडणार.

शहाण्णव साली त्यांनी नवं यंत्र आणलं. माणसामागं हिरवा पडदा लावायचा. यंत्र तो हिरवा रंग गाळून तिथं हवं ते चित्र बसवतं. शेजारच्या जमनाबाई दोन वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. नात संयोगिताचं लग्न झालं, पण जावईबापूंना रजा नाही, तुळजापूर राहूनच गेलेलं. जमनाबाईंचा एकच ध्यास, "डोळे मिटायच्या आत जोडी आईच्या पायाशी बघू दे."

अण्णा शब्द देऊन बसले, "अक्का, तुळजापूरच तुमच्या टीव्हीत आणतो."

पडदा टांगला, दिवे लागले. टीव्हीत जोडीमागं देवळाचा कळस उभा राहिला. सगळे हरखले. संयोगितानं नमस्काराला हात जोडले आणि जमनाबाई किंचाळल्या, "अगबाई! पोरीचा चुडा कुठं गेला?"

मनगटांच्या जागी कळस दिसत होता. पडद्याबरोबर यंत्रानं हिरव्या बांगड्याही गाळल्या होत्या.

"स्वल्प वेळ काढून ठेवू का, अण्णा?" संयोगितानं विचारलं.

"जीभ चाव! नव्या नवरीनं चुडा उतरवायचा?" आजी कडाडल्या.

"मग निळा पडदा लावा," संयोगितानं सुचवलं.

अण्णांनी जावईबापूंच्या निळ्या कोटाकडं पाहिलं. "यांचं नुसतं मुंडकं उरेल."

सगळे हसले. जमनाबाईंनी तोंड भिंतीकडं फिरवलं. "नको तो डबा. आज चुडा खाल्ला, उद्या कुंकू खाईल."

अण्णांचा चेहरा उतरला. दिलेला शब्द जात होता. पडद्याची गाठ सोडताना त्यांची नजर देव्हाऱ्यात गेली. भवानीचा चांदीचा टाक, अंगठ्याएवढा. त्यांनी हात जोडले, टाक पाटावर मांडला, कॅमेरा अगदी त्याला भिडवला आणि जोडीला मागं बसवलं.

टीव्हीभर देवी भरली. तिच्या मागं वाकलेली दोन डोकी, हिरव्यागार बांगड्यांची किणकिण.

जमनाबाईंनी उशीवरूनच हात जोडले. "विठोजी, ही तर घरातच होती की रे!"

"सरी, अक्का," अण्णा कानडीत 'बरं' म्हणाले आणि पडद्याची घडी घालू लागले.

पुढं कुठल्याही लग्नघरी अण्णांचा पहिला प्रश्न असे, "चुडा कसला?" हिरवा म्हटलं की पडदा रिक्षातच राही.