हजेरीचा फोटो

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. आमच्या ऑफिसात कुठलीही बातमी एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला चहा निवायचाही वेळ लागत नाही, पण तिथंही हे कुणाला ठाऊक नाही. पाच वर्षं झाली. आजच का सांगतेय? मलाही नीट माहीत नाही. सकाळी हुलग्यांचा डबा उघडला, आणि मग दिवसभर दुसरं काही सुचलं नाही — एवढंच.

हुलग्यांचं नंतर सांगते. आधी माझं काम सांगते.

नगरला — आता अहिल्यानगर म्हणायचं, पण माझ्या जिभेला अजून वळण पडलेलं नाही — घरी माणूस पाठवून रुग्णाची देखभाल करणारी एक कंपनी आहे. तिथं मी ड्यूट्या लावते. कुणाची आई अंथरुणाला खिळली, कुणाचे वडील न्हाणीत पडले, मुलं पुण्याला, सुनेला एकटीला उचलणं होत नाही — की फोन मला येतो. मग मी अंघोळ घालणारी, भरवणारी, कूस बदलणारी बाई पाठवते. आम्ही त्यांना मावशी म्हणतो. बहुतेक जणी खेड्यातल्या, कोणी पारनेरकडची, कोणी पाथर्डीकडची. त्या मला ताई म्हणतात, माझ्याहून वयानं मोठ्या असल्या तरी. माझी जीभ तिखट आहे, हे त्याही सांगतील. पण ताईचं काम चोख, असंही सांगतील. हा चोखपणा मला फार मिरवायचा होता, हे मात्र त्यांना माहीत नसेल.

आमच्याकडे एक पद्धत आहे — हजेरीचा फोटो. मावशीनं रोज दोन फोटो मला पाठवायचे. एक अंघोळीनंतरचा, एक जेवतानाचा. बाई वेळेवर पोचली, पेशंट स्वच्छ आहे, पोटात अन्न गेलं, याचा हा पुरावा. फोटो पाठवला की तिनं आपल्या मोबाईलमधून पुसून टाकायचा, आणि मी पाहिला की मीही पुसायचा. हा नियम मीच केला. पेशंटची अब्रू म्हणून. मावशांना समोर बसवून, बोट धरून पुसायला शिकवलं मी. मी स्वतः मात्र पुसत नसे. आळस, दुसरं काय? माझा मोबाईल लोकांच्या म्हाताऱ्या आईबापांनी गच्च भरलेला असायचा.

सिंधूबाई आमच्या सगळ्यात चांगल्या मावशी. पारनेर तालुक्यातल्या, पन्नाशीच्या, ठेंगण्या, हात विलक्षण मऊ. त्यांची ड्यूटी श्रीगोंद्याला आप्पांकडे होती. आप्पा म्हणजे तिथल्याच एसटी स्टँडवरचे निवृत्त कंट्रोलर. कुठली गाडी कुठल्या फलाटाला लागली, हे भोंग्यावर सांगायचे ते. अख्ख्या तालुक्याला त्यांचा आवाज ओळखीचा. कडक इस्त्री, दाढी रोजच्या रोज. त्यांना लकवा मारला तेव्हा उजवी बाजू गेली आणि आवाजही गेला. तोंड वाकडं झालं, घास बाहेर सांडायला लागला. तेव्हापासून त्यांनी खोलीत कुणाला येऊ देणं बंद केलं. भाऊ आला तरी भिंतीकडं तोंड. पोटच्या मुलासमोरसुद्धा जेवायचे नाहीत. फक्त सिंधूबाईंच्या हातून जेवायचे, दार लावून.

म्हणून सिंधूबाई मला फक्त ताटाचा फोटो पाठवायच्या. ताट, चमचा, आणि कडेला आप्पांचा धड असलेला डावा हात. मी त्यांना झापलं. म्हटलं, चेहरा दिसला पाहिजे, ताट काय कुणाचंही असतं. त्या म्हणाल्या, "ताई, त्येंला नगं वाटतंय वो. तुमी एकल्या बगताल आन् पुसताल, आसा सबूद देऊ का त्येंला?" मी म्हटलं, द्या की. मागून दोन फोन वाजत होते. किती सहज म्हटलं मी ते.

आप्पांनी त्या शब्दावर फोटो काढू दिला.

आता सप्ताहाकडे येते. यायलाच हवं, किती फिरणार आजूबाजूला?

दरवर्षी आमची कंपनी सेवा सप्ताह करते. खेड्यापाड्यात अंथरुणावर पडलेली, पाठीला जखमा झालेली गरीब माणसं असतात — त्यांच्यासाठी हवेच्या गाद्या आणि चाकाच्या खुर्च्या घ्यायला निधी जमवायचा. मावशा शेंगदाण्याचे लाडू करून विकतात, निळ्या साड्या नेसून फेरी काढतात, स्टँडवर पेटी घेऊन उभ्या राहतात. सगळं "खुशीनं" असतं. न येणाऱ्याची खुशी मी दुसऱ्या दिवशी विचारायची. त्या वर्षी सगळी जबाबदारी सरांनी माझ्यावर टाकली होती. सर म्हणजे आमचे मालक. फ्लेक्सचा नमुना बघून ते म्हणाले, "हे हसरे गोरे म्हातारे कुठून आणलेत? आपल्याकडचा फोटो लावा. बघणाऱ्याच्या काळजाला हात घातला पाहिजे."

मी मोबाईल उघडला. वर-खाली करत बसले, आणि तो फोटो सापडला. आप्पांचं तोंड उघडं, हनुवटीवर वरणाचा ओघळ, गळ्याला टॉवेल. समोर सिंधूबाईंचा चमचा धरलेला हात. आणि आप्पा त्यांच्याकडे बघताहेत — लहान मूल आईकडे बघतं तसे. फोटो चांगला होता, हे मी आजही म्हणेन. मी तो फ्लेक्सवाल्याला पाठवला. मी. माझ्या मोबाईलवरून, माझ्या बोटानं. कुणाला विचारावं असं मनात आलं का? आलं. मग वाटलं, विचारलं तर नाही म्हणतील.

फ्लेक्स कुठं लावायचे तेही मीच ठरवलं. गर्दी असते म्हणून स्टँडजवळ. श्रीगोंद्यालाही. आप्पांची फाइल मी स्वतः भरली होती, "एसटीतून निवृत्त" हे माझ्याच अक्षरात होतं. तरी डोक्यात आलं नाही. की आलं होतं? खरं सांगते, आता मला ते ठरवता येत नाही.

चौथ्या दिवशी आप्पांचे एक जुने ड्रायव्हर मित्र हुंदके देत त्यांच्या घरी आले. सिंधूबाई अडवेपर्यंत थेट खोलीत शिरले, आणि मायेनं म्हणून मोबाईलवर त्या फ्लेक्सचा फोटो आप्पांसमोर धरला. आपल्याच स्टँडवर, आपल्याच गाड्यांसमोर आपण तोंड वासून फ्लेक्सवर आहोत, हे आप्पांनी पाहिलं. दुपारी सिंधूबाईंनी चमचा पुढं केला तेव्हा त्यांनी तोंड मिटून घेतलं. मुलाचा ऑफिसात फोन आला. तो ओरडला असता तर मला सोपं गेलं असतं. तो हळू आवाजात बोलत होता.

सरांनी मला आत बोलावलं. फोटो कुणी दिला?

दोन शब्दांचं उत्तर होतं. मी दिला. सर चिडले असते, चार दिवस बोलले नसते. नोकरी गेली नसती माझी, हे मला तेव्हाही माहीत होतं. मग का नाही बोलले? तर सप्ताह जोरात चालला होता, ज्याच्या-त्याच्या तोंडी माझं नाव होतं, आणि त्या नावाला डाग नको होता. बस्स. याहून मोठं कारण नाही. असतं तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, "सिंधूबाईंकडून चुकून सप्ताहाच्या ग्रुपवर पडला असावा, सर. फ्लेक्सवाल्यानं तिथून उचलला. नंतर त्यांनी पुसला असेल." त्या ग्रुपवर फोटोंचा नुसता पाऊस असायचा, मागे जाऊन कोण शोधतंय? फ्लेक्सवाल्याशीही मीच बोलायची. सरांनी मान हलवली. मावशांकडून असं होतं, हे त्यांना लगेच पटलं. तेच मला हवं होतं.

एवढ्यावर थांबले असते तरी मी खोटारडी ठरले असते. पण मी थांबले नाही. मी बाहेर येऊन सिंधूबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "ताई, म्या तर तुमालाच पाठवला हुता." मी म्हटलं, नीट आठवा, माझं नाव आणि ग्रुपचं नाव खाली-वर दिसतं, बोट घसरतं. मग म्हटलं, मोबाईलमध्ये बघा ना. बघणार काय? फोटो त्यांनी पुसलेला होता. मीच शिकवलं होतं पुसायला. हे मला ठाऊक होतं, आणि ठाऊक असूनच मी म्हटलं, बघा.

मोबाईल चाळून झाल्यावर त्या म्हणाल्या, "आसंल ताई. माझंच बोट घसारलं आसंल. मला कुटं लई कळतंय त्यातलं."

पटलं त्यांना. स्वतःच्या हातावर नव्हता इतका विश्वास त्यांचा माझ्यावर होता. मी पुढं म्हटलं, सर तुम्हाला कामावरून काढायचं म्हणताहेत, पण मी बोलते त्यांच्याशी. सर काढायचं म्हणाले नव्हते. त्या रडल्या आणि म्हणाल्या, तुमचं उपकार हायेत.

तिथली ड्यूटी सोडायच्या आधी त्या आप्पांसमोर उभ्या राहिल्या, कान धरले आणि म्हणाल्या, माझ्या हातून चूक झाली, तुमाला दिलेला सबूद म्या मोडला. हे मला आप्पांच्या मुलानं सांगितलं. म्हणाला, बाई प्रामाणिक आहे हो, पण वडील आता तिच्याकडे बघत नाहीत. आप्पांनी भिंतीकडं तोंड फिरवलं ते फिरवलंच. आम्ही दुसरी मावशी दिली, तिसरी दिली. कुणाच्याच हातून ते धड जेवले नाहीत. शेवटी नळी घालावी लागली. चार महिन्यांनी गेले. त्यामुळंच गेले असं मी म्हणत नाही, डॉक्टरही म्हणाले नाहीत. पण त्या बाईवरचा राग मनात ठेवून गेले, एवढं मला माहीत आहे. तो राग माझा होता. तो मी वेळेत उचलायला हवा होता. श्रीगोंदा काय फार लांब आहे? दीड-दोन तासांचा रस्ता. मी एकदाही गेले नाही.

सप्ताह मात्र उत्तम झाला. गाद्या आल्या, खुर्च्या आल्या, ज्यांना मिळाल्या त्यांच्या पाठी बऱ्या झाल्या. माझा सत्कार झाला — शाल, श्रीफळ, सगळं. सिंधूबाई तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होत्या. मला त्या अजून दिसतात, निळ्या साडीत.

त्यांनी तो मोबाईल सोडला. लेकीला देऊन टाकला आणि बटनांचा साधा फोन घेतला. म्हणाल्या, हे यंत्र माझ्या हातात नको, पुन्हा कुणाची अब्रू जायची. हजेरीचा फोटो पाठवता येत नाही, म्हणून चांगल्या घरची ड्यूटी त्यांना मिळत नाही. नियम आहे ना. नियम माझाच आहे. त्यांना लागते ती चार-आठ दिवसांची, कुणीतरी रजेवर गेल्यावरची ड्यूटी. तीही मी लावते, आणि त्या मला धन्यवाद देतात.

आणि दर वर्षी माघात त्या हुलगे, म्हणजे कुळीथ, आणतात. कोरडवाहू रान आहे त्यांचं, थोडंसं पिकतं. त्यातले पाखडून, निवडून, दोन शेर माझ्यासाठी. "तुमी हुता म्हनून टिकले ताई." मी घेते. नको कसं म्हणू? म्हटलं तर का ते सांगावं लागेल. घरी त्यांच्या पिठाचं पातळ माडगं होतं, नवरा आवडीनं पितो आणि विचारतो, तुझ्या सिंधूबाईंनी दिले ना हे?

यंदा त्या घरीच आल्या. सोबत नात होती, आठ-नऊ वर्षांची, दोन वेण्या. मी चहा टाकला. सिंधूबाई म्हणाल्या, हिनं शाळेत बाईंची कुंडी फोडली आणि घरी लपवून ठेवलं, दोन दिवस जेवली नाही. "मग म्या तिला आप्पांचं सांगितलं, ताई. म्हनलं, तुज्या आज्जीच्या हातून येवढी मोटी चूक झाली, पर आज्जीनं समोर हुभं ऱ्हाऊन कबूल केली. आप्पांनी माफ न्हाई केलं, तरी केली. तवा ही ग्येली बाईंकडं."

नात माझ्याकडे बघत होती. ताईंनीच आजीची नोकरी वाचवली, हे तिलाही सांगितलेलं असणार. सिंधूबाई माझ्या बोलण्याची वाट बघत थांबल्या होत्या. चहा उकळून वर आला होता. बोलायला जागा होती, वेळही होता, घरात आम्ही तिघीच होतो.

मी गॅस बारीक केला. म्हटलं, "चांगलं शिकवलंत, सिंधूबाई." आणि हुलग्यांची पिशवी आत नेऊन डब्यात रिकामी केली.