सरदाबातलं गाऱ्हाणं

आधीच सांगतो, मला सखारामचा राग यायचा. इथे आखातात, जलीबला एका खोलीत आम्ही पाच जण, आणि त्यात हा कणकवलीकडचा गडी इतका गप्प, की भाजीत मीठ कमी पडलं तरी मागणार नाही. मी शशिकांत, नाशिकचा. एसीचं काम करतो आणि माझ्या तोंडाला विसावा नाही. आमचं जमावं तरी कसं? पण कंपनी एकच, त्यामुळे गेली सहा वर्षं काम बहुतेक एकाच घरात.

त्याचं काम इन्सुलेशनचं. बाहेर पन्नास डिग्री, भिंती तापतात, एसी धापा टाकत वीज खातो. म्हणून भिंतीला आतून फोमचे बोर्ड लावायचे, वर चकचकीत फॉइल, सांध्यांवर चिकटपट्टी. एकोणीस वर्षं हेच. सगळं लावून झालं की सखाराम उदबत्ती पेटवून प्रत्येक सांध्यावरून हळूहळू फिरवायचा. धूर वाकला की तिथे फट. मग पट्टी उपटून पुन्हा लावायची. फोरमन बोंबलायचा, "अरे, पूजा करता है क्या?" हा ढिम्म. पण त्याने केलेली खोली माझ्या मशीनने निम्म्या वेळात थंड होते, हे कबूल करायलाच हवं.

गेल्या मे महिन्यात अर्दियाला यूसुफ नावाच्या निवृत्त मास्तरांच्या घरी काम निघालं. तळघराचं. इथे त्याला सरदाब म्हणतात. म्हातारा दिवसभर तिथे पुस्तकं घेऊन बसायचा आणि विजेचं बिल आलं की हळहळायचा. नेमका त्याच आठवड्यात सखारामच्या मुलीचा, स्वराचा, साखरपुडा. सखारामला रजा मिळाली नाही.

त्यांच्याकडे कार्याआधी गाऱ्हाणं घालतात. घरातला कर्ता माणूस देवापुढे उभा राहून सगळ्यांचं बरं कर म्हणून मागतो आणि प्रत्येक मागण्याला बाकीचे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणतात. वडील गेल्यापासून तो मान सखारामचा. चार वर्षं फोनवरून का होईना, पण घालणार तोच.

"चेडवाचा गाऱ्हाणा बापाशीन नाय घालूचा तर कोणी घालूचा?" हे त्याने मला तीनदा ऐकवलं. तीनदा! एरवी वर्षभरात तो माझ्याशी एवढं बोलत नसे.

सकाळी नऊची वेळ ठरली, म्हणजे तिकडचे साडेअकरा. अंगणात उभं राहवत नव्हतं, वर घरात बायामाणसं, म्हणून सरदाबातूनच बोलायचं ठरलं. भिंतींना फॉइल लागल्यामुळे आत मोबाइलला रेंज उरली नव्हती. एका झरोक्यातून काय येईल तेवढीच. तिथला बोर्ड सखारामने मुद्दाम शेवटी ठेवला होता.

मी जिन्यात बसून माझा पाइप जोडत होतो. सखारामने बूट काढले, फोन खोक्यावर उभा केला, देवासाठी म्हणून उदबत्ती लावली. धाकटा भाऊ सुभाष फोनवर आला. "सुरू कर दादा, सगळे उभे आसत."

आणि उदबत्तीचा धूर झरोक्याकडे वाकला.

जित्याची खोड! सखारामने तो धूर पाहिला, बाजूचा बोर्ड उचलला, झरोक्यात दाबून बसवला, वर पट्टी ओढली. त्याच्या हातांनीच ते केलं, डोक्याला पत्ताच नाही. मग डोळे मिटून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! आज तुझ्या ह्या घरात साखरपुडो होता. माझ्या चेडवाक बरा घर गावला, ता तसाच सुखाचा ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

मी फोनकडे पाहिलं. पडदा काळा. कॉल तुटलेला.

सखाराम थांबला होता. होकाराची वाट बघत होता. फोम लावलेल्या खोलीत आवाज घुमत नाही, तिथल्या तिथे मरतो. मी ओरडायला हवं होतं, की अरे बाबा, बोर्ड काढ. पण त्याचं तोंड पाहिलं आणि माझ्या तोंडून भलतंच निघालं.

"व्हय म्हाराजा."

त्याने डोळे उघडले नाहीत. चेहरा मात्र सैल झाला. पुढचं मागितलं, मी पुढचा होकार दिला. चुकलंमाकलं पदरात घे म्हणाला, तेव्हाही मीच. डोळे उघडले तेव्हा फोन बंद होता. त्याला वाटलं, होकार घरच्यांचाच होता, फोन शेवटी कट झाला असेल. तेवढ्यात फोरमन आला. दुपारी सखारामने मला आपल्या डब्यातलं लोणचं दिलं. सहा वर्षांत पहिल्यांदा. मी ते न खाता डब्याच्या झाकणाखाली ठेवलं.

संध्याकाळी खोलीवर आलो तर सुभाषने व्हिडिओ पाठवला होता. सखारामने हौसेने मला शेजारी बसवलं. व्हिडिओत देवापुढे सुभाष उभा. मागून कोणीतरी म्हणालं, "दादाचो फोन कट झालो, तूच घाल." आणि सुभाषने घातलं. चांगलं घातलं. घरभर माणसं "व्हय म्हाराजा" म्हणत होती, त्यात स्वराही होती, हिरव्या साडीतली.

सखाराम माझ्याकडे वळला. "मगे सकाळी तू होतंस?"

"हो. पहिल्याच मिनिटाला कट झाला होता रे. सांगायला हवं होतं मी. चुकलो."

व्हिडिओ चालूच होता. सुभाष शेवटचं मागत होता, "आमचो सखादादा लांब मुलखात एकटो आसा. तेका सुखरूप घराक हाड रे म्हाराजा!"

सखारामने व्हिडिओ मागे नेला. पुन्हा तेच, घरी आण म्हणणारं वाक्य लावलं आणि घरच्यांचा होकार यायच्या आत थांबवला. डोळे भरून आले होते त्याचे.

"सकाळी म्हटलंस ना?" तो म्हणाला. "आता म्हण."

खोलीतले बाकीचे तिघेही आमच्याकडे बघत होते. सकाळी घरच्यांच्या जागी चोरून म्हटलं होतं, आता तो स्वतः मागत होता. मी तोंड उघडलं. दिवसभर वटवट करणारा मी, पण ते दोन शब्द काही केल्या माझ्या तोंडून निघेनात.