साहेबांच्या खणातली किल्ली

गिरण्यांचा संप लांबला तेव्हा नवरा कोकणात भावाकडे शेतीला गेला आणि मी अंधेरीत एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला लागले. साडेचार वर्षांच्या लेकीला खोलीत ठेवून बाहेरून कुलूप घालायचे. चाळीतल्या निम्म्या बायका तेच करायच्या. वाईट वाटायचं, पण वाटून करते काय! खिडकीसुद्धा बंद ठेवायचे. तिच्याकडून एकच घोकून घेतलं होतं. आई हाक मारत नाही, आई कुलूप उघडते. बाहेरून कोणी माझा आवाज काढला तरी ओ द्यायची नाही.

आमच्या नगरसेविका ताई पाळणाघर आणि दवाखान्यासाठी पालिकेच्या मागे लागल्या होत्या. अर्जांना कोणी विचारेना, तेव्हा त्यांनी वॉर्ड ऑफिसवर किल्ल्यांचा मोर्चा ठरवला. "पोरं कोंडता ना, ती किल्ली साहेबाच्या टेबलावर टाकायची. पण घरातली दुसरी आणा गं, नाहीतर वाट लागेल," असं त्यांनी चारचारदा बजावलं. माझी दुसरी किल्ली नवऱ्याच्या खिशात, कोकणात. हे सगळ्यांसमोर सांगायची मला लाज वाटली. म्हटलं, टाकू आणि लगेच उचलू.

बाकीच्यांनी पोरं कडेवर आणली. माझीला सकाळपासून ताप होता. गोळी देऊन तिला निजवलं आणि कुलूप लावून निघाले. एरवी तिच्याकडे कान ठेवणारी शेजारची म्हातारी माझ्यापुढेच घोषणा देत चालली होती, हे माझ्या लक्षातही आलं नाही.

टेबलावर किल्ल्यांचा ढीग पडला. साहेबांनी हाताने सगळ्या किल्ल्या खणात लोटल्या, खणाला कुलूप घातलं आणि जीपमध्ये बसून निघून गेले. बायका हसल्या, टाळ्या वाजल्या. ताईंचा दंड धरून मी खरं काय ते सांगून टाकलं.

"अगं बये!" एवढंच त्या म्हणाल्या आणि माझ्याआधी धावत सुटल्या.

टॅक्सीने चाळीत पोचलो. चाळ रिकामी. मी रडत दारावर हात आपटून हाका मारल्या. आतून आवाज नाही. ताईंनी मारल्या, तरी नाही. माझ्या डोळ्यांपुढे नको नको ते यायला लागलं. ताप डोक्यात गेला असेल, रॉकेलचा डबा सांडला असेल, पोर पाण्याच्या पिंपात वाकली असेल. देवाला मी काय काय कबूल केलं ते आज आठवत नाही. दारावर कान ठेवला तर माझंच काळीज धडधडताना ऐकू येत होतं.

ताईंनी कोणाच्या तरी दारातला वरवंटा उचलला आणि कुलपावर घाव घालायला सुरुवात केली. पाचव्या-सहाव्या घावाला कोयंडा निखळला.

लेक खाटेखाली होती. भिंतीला चिकटून, घामाने भिजलेली, दोन्ही हात तोंडावर घट्ट दाबून. मला बघून तिने हात काढले.

"आई, बाहेर कोणीतरी तुझ्यासारखं रडत होतं," ती हळूच म्हणाली. "पण मी ओ दिली नाही."

शहाणी गं माझी, म्हणायला हवं होतं. मी तिला खाटेखालून ओढून पोटाशी धरलं. ताई वरवंटा हातात तसाच धरून उंबऱ्यावर खाली बसल्या.